राहिलेला उत्तरपक्ष

मी निवृत्त होण्याच्या काही वर्षं आधी आमच्या कॉलेजातला तत्त्वज्ञान हा विषय बंद झाला. कोणी तसं जाहीर केलं नाही. मुलं येईनाशी झाली आणि वेळापत्रकातला तो चौकोन रिकामा राहायला लागला. रिकामा चौकोन प्राचार्यांना बघवत नसे, म्हणून त्यांनी मला व्यक्तिमत्त्व विकास शिकवायला दिला. 'व्यक्ती म्हणजे नक्की काय' या प्रश्नाशी मी जर्मन आणि फ्रेंच मंडळींच्या संगतीत निम्मं आयुष्य झोंबले होते आणि उत्तर मिळालं नव्हतं. आता तिचा थेट विकासच करायचा होता. पहिला धडा हस्तांदोलनाचा होता.

तळवड्याच्या आयटी पार्कपासून जवळच्या एका सोसायटीत माझं घर आहे. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात दोन आवाज होते. ती गेल्यावर एक उरला, आणि तोही वापराअभावी बसायला लागला. सोसायटीतले लोक चांगले आहेत. सणाला ग्रुपवर मोदकाचं चित्र पाठवतात, लिफ्टमध्ये 'काय म्हणता मॅडम' विचारतात आणि उत्तर सुरू होईपर्यंत त्यांचा मजला येतो. मी जे आयुष्यभर वाचलं त्याबद्दल कोणी विचारावं अशी अपेक्षा मी केव्हाच सोडली होती. सोडली होती असं मला वाटत होतं, हे जास्त खरं.

अशात महिला दिनाला एका मंडळाने कर्तृत्ववान महिला म्हणून माझा सत्कार ठरवला. माझं कर्तृत्व कोणतं हे त्यांना नीट सांगता आलं नाही. ते ऐकायला मीही उत्सुक होते. व्यासपीठावर माझ्या शेजारी आळंदीच्या एक कीर्तनकार ताई होत्या. वय पस्तिशीचं, मूळ हिंगोलीकडच्या. त्यांचे वडील चाकणला कंपनीत लागले म्हणून कुटुंब इकडे आलं होतं. प्रमुख पाहुणे येईपर्यंत आम्हां दोघींना त्या मखमली खुर्च्यांवर बसवून ठेवलं होतं. पाहुणे भोसरीत अडकले होते. प्रमुख पाहुण्यांना भोसरीत अडकण्याचा वेगळा मान असतो.

ताईंनी विचारलं, "मॅडम, तुमचा विषय काय?"

मी म्हणाले, युरोपातलं तत्त्वज्ञान. अलीकडच्या काळातलं.

"म्हणजे देव नाही म्हणणारे?"

"काही जण. काही म्हणतात आहे, पण आपल्याशी बोलत नाही."

"आमचा तरी कुठं बोलतोय," त्या म्हणाल्या, आणि पदराआड हसल्या.

मग त्यांनी त्यांची अडचण सांगितली. चाकण, तळवडे, मोशी या पट्ट्यात त्यांची कीर्तनं होत. कीर्तन संपल्यावर कंपनीतली, आयटीतली पोरं भेटायला येत आणि शंका काढत. हे सगळं मनाचे खेळ आहेत, हे लोकांना ताब्यात ठेवायचं साधन आहे, मेल्यावर काही नाही. ताई उत्तर द्यायच्या, पण त्यांचं त्यांनाच ते हलकं वाटायचं. त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं की आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. आणि असा मांडायचा की समोरचाच म्हणाला पाहिजे, मलासुद्धा हे इतकं चांगलं सांगता आलं नसतं. त्यानंतर उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. लंगडा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडणं म्हणजे पेंढ्याच्या पैलवानाशी कुस्ती.

"मला खरा पैलवान पाहिजे," त्या म्हणाल्या. "द्याल का?"

मला आयुष्यात कोणी पैलवान मागितला नव्हता. मी हो म्हणाले. तेवढ्यात पाहुणे आले आणि आम्हां दोघींना एकाच रंगाच्या शाली मिळाल्या.

ताई मंगळवारी दुपारी येऊ लागल्या. आळंदीहून बसने यायच्या, गेटवर वॉचमन मोबाईलवर माझी परवानगी मागायचा आणि मी ती द्यायचे. दर मंगळवारी तेच नाव येत होतं तरी दर वेळी विचारलं जायचं. त्यावरूनच आमचा पहिला विषय निघाला. मी सांगितलं की युरोपातल्या काही विचारवंतांच्या मते सत्तेला आता शिपाई ठेवावे लागत नाहीत. आपल्याकडे कोणीतरी बघतंय एवढं माणसाच्या मनात बसलं की तो स्वतःच स्वतःचा वॉचमन होतो. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"कीर्तनात आता समोर मोबाईल धरलेले असतात," त्या म्हणाल्या. "मी देवासाठी गायलेय का त्या काचेसाठी, माझं मलाच कळंना झालंय."

एकोणतीस वर्षं शिकवताना इतकं नेमकं उदाहरण मला एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं. मुलांची उदाहरणं पेपरातून यायची आणि पेपरातच परत जायची.

मग सिंहासनाचा विषय झाला. मी म्हणाले, श्रद्धा गेली म्हणून जागा रिकामी होते असं नाही, असं यातल्या काहींना वाटतं. हात जोडायची सवय मागे राहते. जोडलेले हात कोणापुढे तरी धरावे लागतात, आणि मग तिथे राष्ट्र येतं, पुढारी येतो, बाजार येतो. ताईंनी ते आपल्या भाषेत करून बघितलं. "सिंहासन मोकळं राहत नाही. खरा उठला की खोटा बसतो." मी म्हटलं, खरा होता हे कोणी ठरवलं? त्या म्हणाल्या, "ते उत्तरपक्षात बघू. आत्ता मी तुमच्या बाजूनं बोलायलेय ना?"

असं चाललं होतं. मंगळवारी सकाळी मी केस विंचरायचे, पोहे करायचे आणि काय सांगायचं त्याची तयारी करायचे. बाकीचे दिवस या दिवसाच्या आधीचे किंवा नंतरचे होते.

शेवटचा विषय मरणाचा निघाला. तो मी टाळत होते. माझा सगळा अभ्यास त्यावरच होता. एका जर्मन विचारवंताच्या आधारे मी सांगितलं की माणसाच्या बहुतेक कामांत बदली माणूस चालतो. तुमच्याऐवजी दुसरा शिकवू शकतो, स्वयंपाक करू शकतो, मतदानाच्या रांगेतसुद्धा उभा राहू शकतो. मरणात बदली चालत नाही. आपलं आपणच मरायचं. ते आठवलं की कळतं, आपण मुळातच एकटे आहोत आणि बाकीची गर्दी हा वरचा रंग आहे.

ताई म्हणाल्या, "म्हणजे ह्या शिफ्टला रिलीव्हर नाही."

कंपनीत पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. त्यांच्या वडिलांची आयुष्यभराची तक्रार होती की रिलीव्हर उशिरा येतो.

"तुम्हाला हे खरं वाटतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, वाटतं. आई गेली तेव्हा मी शेजारी होते. तिचा हात माझ्या हातात होता. आणि तरी ती एकटीच गेली. मी तिच्याबरोबर एक पाऊलही गेले नाही. पुस्तकात होतं ते त्या खोलीत तंतोतंत घडलं. त्या दिवसापासून मी ते मत सोडलेलं नाही, आणि ते खोडून काढायलाही कोणी आलं नाही.

ताईंनी समजूत घातली नाही, याबद्दल मी मनात त्यांचे आभार मानले. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, "निघोज्याच्या सप्ताहात माझं कीर्तन आहे. तिथं हाच पूर्वपक्ष घेते, आणि तुमच्यासमोर खोडते. याल ना?"

मी हो म्हणाले. त्यानंतर मी जिन्यात उगाचच उभी राहिले. चाळीस वर्षं एक मत बाळगलं की लोक तुम्हाला ठाम म्हणतात. मला ठाम राहून कंटाळा आला होता. कोणीतरी माझ्याशी भांडावं आणि मी हरावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती मी कोणाला सांगू शकत नव्हते, कारण आमच्या क्षेत्रात ही इच्छा धरली जात नाही.

निघोज्याचा मंडप एका मोकळ्या प्लॉटवर होता. तिथे एरवी ट्रेलर उभे असतात. कमानीवर देवाचा फोटो पासपोर्टाएवढा आणि सप्ताहाच्या आश्रयदात्या भाऊंचा दरवाजाएवढा होता. भाऊ कंपन्यांना कंत्राटी माणसं पुरवत आणि येत्या निवडणुकीला उभे राहणार होते. त्यांच्यासाठी पुढे एक सोनेरी, सिंहाच्या पायांची खुर्ची मांडून ठेवली होती. ती रिकामी होती. भाऊ यायचे होते.

मी बायकांच्या बाजूला बसले. शेजारी गावातल्या एक आजी होत्या. त्यांनी मला सतरंजी सरकवून दिली आणि माझं गाव विचारलं. तळवडे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. तळवड्याची माणसं त्या ओळखत होत्या आणि मी तशी दिसत नव्हते.

ताईंनी अभंग घेतला, टाळकऱ्यांनी चाल उचलली आणि थोड्या वेळाने पूर्वपक्ष सुरू झाला. नाव न घेता त्या म्हणाल्या, एक फार शिकलेली बाई आहे, तिचं म्हणणं ऐका. मग त्यांनी माझं सगळं म्हणणं सांगितलं. माझ्यापेक्षा फार चांगलं सांगितलं. सिंहासन सांगितलं तेव्हा लोकांनी त्या सोनेरी खुर्चीकडे बघितलं आणि मंडप हसला. मग हात वर करून त्यांनी आवाज खाली आणला.

"फर्स्ट शिफ्टला रिलीव्हर येतो. सेकंडला येतो. थर्डला उशिरा का होईना, येतो. पण मायबापहो, ज्या शिफ्टला तुम्ही शेवटचं उभं राहणार, तिथं मागं वळून बघाल, कोणी नाही."

मृदंग थांबला होता. पुरुषांच्या बाजूला कंपनीचे शर्ट घातलेले लोक तसेच बसून राहिले. शेजारच्या आजी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "व्हय गं बाई. आमचं मालक तसंच गेलं."

मी पुढे सरकून बसले. आता माझं उत्तर येणार होतं.

त्याच वेळी बाहेर तुतारी वाजली. फटाक्यांची माळ लागली. वरून ड्रोन फुलं टाकत आला; बरीचशी फुलं वाऱ्याने आमच्या अंगावर पडली. भाऊ आले, सिंहाच्या पायांवर बसले, उठले, सगळ्यांना हात केला. निवेदकाने ताईंच्या हातून माईक अदबीने काढून घेतला. फेटे बांधले गेले. कोणाचा फेटा आधी यावर थोडी कुजबुज झाली. नंतर भाऊ बोलले. मग भाऊंबद्दल दुसरे बोलले. सगळं संपेपर्यंत महाप्रसादाची पातेली उघडली होती आणि सेकंड शिफ्टवाल्यांच्या बस रस्त्याला लागल्या होत्या. निवेदकाने ताईंना घड्याळ दाखवलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले, एक गजर घेतला आणि कीर्तन संपवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "उत्तरपक्ष राहिला, मॅडम." मंगळवारी येऊन सांगते म्हणाल्या.

मंगळवार आला, पण ताई आल्या नाहीत, कारण तोवर ती चित्रफीत पसरली होती. कोणीतरी मोबाईलवर रिलीव्हरचा तेवढाच तुकडा धरला होता, खाली बासरी लावली होती आणि वर लिहिलं होतं, 'जीवनाचं अंतिम सत्य'. पूर्वपक्ष लोकांनी निष्कर्ष म्हणून घेतला. उत्तर देण्यासाठी उभं केलेलं म्हणणं हाच ताईंचा उपदेश ठरला. सोसायटीच्या ग्रुपवर तीन जणांनी तो पाठवला. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही ऐकलंच पाहिजे. असं खोल आजवर कोणी सांगितलं नाही." मी बघते म्हणाले. त्यांचा मजला आला.

पाठोपाठ चाकण रस्त्यावर भाऊंचे फ्लेक्स लागले. भाऊ त्याच खुर्चीत बसलेले, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'सिंहासन मोकळं राहत नाही!' त्यांना ते वाक्य कौतुक वाटलं होतं. युरोपातल्या विचारांचा आपल्या राजकारणावर काही परिणाम होतो का, असा प्रश्न मी पूर्वी परीक्षेत विचारत असे. बसच्या खिडकीतून ते फ्लेक्स बघताना मला वाटलं, 'होतो' लिहिणाऱ्या मुलांना निष्कारण नापास केलं.

ताईंना आता रोज कुठे ना कुठे तारीख होती. फोन येत, पण गाडीतून, तुटक. मी मंगळवारी पोहे करणं काही आठवडे चालू ठेवलं आणि मग बंद केलं. वॉचमनने एकदा विचारलं, त्या ताई येत नाहीत का. मी म्हटलं, मोठ्या झाल्या. तो म्हणाला, होय, मी पाहिलं मोबाईलवर.

एका दुपारी त्या न कळवता आल्या. खाली मोठी गाडी उभी होती, चालक आत बसून होता. ताई थकलेल्या दिसत होत्या. चहा घेतला, पण टेकून बसल्या नाहीत.

मी विचारलं, "उत्तर काय होतं?"

"निघोज्यात एकदम तयार होतं," त्या म्हणाल्या. "आता मलाच ते पुरंना. लोकांना रिलीव्हरच पाहिजे. पुढं उत्तर सुरू केलं की माणसं प्रसादाच्या रांगेला उठायलेत. रोज तेच सांगून सांगून रात्री गाडीत बसले की तुमचंच खरं वाटतंय."

हे मी मागितलं नव्हतं. मला हरायचं होतं, आणि मी त्यांना जिंकून बसले होते.

तरी सांगा म्हटल्यावर त्यांनी सांगितलं. "मरताना माणूस एकटा असंल. पण जन्मताना एकटा असतो का? तिथं एक बाई असतेच. म्हणजे सुरुवात एकट्यानं झालेली नाही, मग मुळातच एकटा म्हणायचं कसं?"

चांगलं होतं. माझ्या फ्रेंच आणि जर्मन पुरुषांपैकी फारसं कोणी तिकडून बघितलेलं नाही. पण सवयीने माझ्या तोंडून आक्षेप निघालाच. मी म्हणाले, जन्माला आलो तेव्हा सोबत होती यावरून शेवटी असेल हे सिद्ध होत नाही. माझ्या जन्माला आई होतीच. तिच्या मरणाला मी काय केलं?

ताईंचा चेहरा उतरला. मला तो आक्षेप परत घ्यायचा होता, पण आक्षेप खरा असला की परत घेता येत नाही. खालून हॉर्न वाजला. त्या उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "मग आता बाजू बदलू. मी तुमचा पूर्वपक्ष सांभाळते. उत्तर तुम्ही काढा."

मी म्हटलं, ते माझं काम नाही. त्या म्हणाल्या, "मग कोणाचं?" आणि गेल्या.

पुढचे काही दिवस मी एकही पुस्तक उघडलं नाही. आईच्या त्या खोलीत परत परत जाऊन बसले. मी तिच्याबरोबर गेले नाही हे खरं होतं. पण मी निघूनही गेले नव्हते. पुस्तकात पहिली गोष्ट होती. दुसरीबद्दल पुस्तक काही बोलत नव्हतं, आणि मीही आजवर तिला पुरावा म्हणून धरलं नव्हतं, कारण ती फार साधी होती.

संध्याकाळी ताईंना फोन लावला. मागे टाळ जुळवण्याचा आवाज येत होता. त्या मंडपात होत्या, कुरुळीच्या बाजूला कुठेतरी. मी घाईने सांगितलं, अर्धवटच. तिची पाळी मला करता आली नाही, पण ती सुटेपर्यंत मी थांबले होते. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही बघा.

ताई म्हणाल्या, "ठेवू नका. ऐका." बहुतेक त्यांनी फोन पेटीवर ठेवला असावा, कारण नंतर सगळे सूर अंगावर आल्यासारखे ऐकू आले.

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. अभंग झाला. शिकलेल्या बाईचं म्हणणं झालं. रिलीव्हरवर लोक शांत झाले, मग नेहमीप्रमाणे ताटांचा आवाज सुरू झाला, चपला शोधायची गडबड, पोरांच्या हाका. माणसं उठत होती. ताईंचा आवाज थांबला नाही, उलट थोडा चढला.

"शिफ्ट ज्याची त्यालाच करायची. मान्य. पण शिफ्ट सुटेपर्यंत गेटवर थांबायला कोणी मनाई केलीय का? बाहेर माणूस थांबलेला असताना आत काम करणाऱ्याला एकटा म्हणाल का, सांगा."

ताटं वाजत राहिली. त्या पुढे बोलत होत्या, सावकाश, समोर बहुधा मोजकीच माणसं उरली असताना. त्या उत्तरात अजून एक फट होती. आतल्याला गेटवरचा माणूस दिसतो का, हे कोणी विचारलं नव्हतं. ती मला लगेच दिसली. या वेळी मी आक्षेप काढला नाही. फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पेटीचा शेवटचा सूर बंद होईपर्यंत तसाच धरून ठेवला.